मी न घेतलेलं परान्नाचं व्रत

प्रिय अहो,

हे 'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला. तुम्ही असताना एवढ्या वर्षांत एकदाही तोंडातून निघालं नाही, आणि आता कुणाला सांगते आहे? पण पत्राला मायना हवाच, असं तुम्हीच पोरांना शिकवायचात. म्हणून लिहिला. सवय करून घ्या.

लिहायचं कारण असं, की उद्या पहाटेच्या एसटीनं मी पुण्याला निघाले आहे. माझं ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात. घाबरू नका, मला काही झालेलं नाही. मागच्या आळीतल्या बाळूच्या बायकोला, सुनंदाला, घेऊन चालले आहे. बाळू म्हणजे सातवीत तुमच्या हातच्या छड्या खाल्लेला, आणि तुम्ही गेलात त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं रडलेला, तोच.

निघण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. काल मी मारुतीच्या देवळापुढे पंगतीत बसले आणि पोटभर जेवले. शिनोलीत आज दुसरा विषय नाही. तिकडे कुणी नवीन पोचलं आणि त्याच्या तोंडून तुम्हाला कळलं, तर तुम्ही तोंड पाडून बसाल. त्यापेक्षा मीच सांगते, आणि सगळं पहिल्यापासून सांगते.

तुमचा पचनसंस्थेचा धडा आठवतो का हो? येडगावच्या शाळेत असल्यापासून तुम्ही तो एकाच पद्धतीनं शिकवलात. प्रत्येक पोरानं घरून भाकरीचा तुकडा आणायचा. तोंडात घालायचा, गिळायचा नाही, नुसता चावत राहायचं. थोड्या वेळानं एखादा ओरडायचा, "गुरुजी, ग्वाड लागतंय!" की तुम्ही खूश. "साखर कुणी घातली रे? लाळेनं केली! पचन पोटात सुरू होत नाही, तोंडात सुरू होतं. म्हणून बकाबका गिळू नका."

आणि घरी सासूबाईंचं नऊवारी लुगडं जागेवर नसलं, की मी समजायची, आज शाळेत आतडं निघालंय. दोन टोकांना दोन पोरं उभी करून तुम्ही ते लुगडं व्हरांड्यात ताणून धरायचात. "हे आपलं लहान आतडं. लहान म्हणतात ते जाडीनं, लांबीनं नव्हे. लांबीनं हे मोठ्या आतड्याच्या चौपट." मग घडी घालून घालून एवढंसं करायचात आणि पोटाशी धरून दाखवायचात. सासूबाई तणतणायच्या, "माझ्या लुगड्याचं आतडं केलंस, मेल्या!" त्यांना काय सांगणार? अन्नातला जो काही कस आहे, तो रक्तात उतरतो त्याच लुगड्यात.

जठरातलं आम्ल, यकृतातलं पित्त, स्वादुपिंडाचा रस, सगळं तुम्ही रंगून सांगायचात. पण मोठ्या आतड्याशी आलात की गाडी धिमी व्हायची. "इथं पाणी शोषलं जातं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे." पोरं फिदीफिदी हसायची, तुम्ही हात झटकायचात, धडा संपला! एकदा मी विचारलंही होतं, पुढचं का नाही सांगत? तर म्हणालात, "अगं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

काय आहे! सगळा घोळ तिथंच तर झाला ना, अहो?

मला रक्त पडायला लागलं तेव्हा मी तुम्हालासुद्धा किती दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मूळव्याध. मलाही तसंच वाटलं. आपल्या ह्या भागात हिरडा घरोघरी वाळत पडलेला, पोटाचं काहीही बिघडलं की हिरड्याची पूड. मग सुरण झाला, ताक झालं, घोडेगावच्या बाजारातून तुम्ही कुणाकडून तरी आणलेल्या काळ्या गोळ्या झाल्या. दुखणं खालचं, दाखवायचं कुणाला? छातीत दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. इथं मात्र आपण दोघंही शहाणी माणसं लाज धरून बसलो आणि कॅन्सर आपला निवांत वाढत राहिला.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याचं अगदी खालचं टोक काढावं लागेल. मोठ्या आतड्याचं उरलेलं तोंड पोटावर डाव्या बाजूला काढायचं, त्यावर पिशवी, आणि ती कायमची. तुम्ही मान डोलावत होतात. बाहेर आल्यावर बाकावर बसलात आणि मला म्हणालात, "मंदा, लुगडं सगळं शाबूत आहे बरं का." मला काही कळेना, हा माणूस ह्या वेळी लुगड्याचं काय बोलतोय! मग कळलं आणि मी भर दवाखान्यात हसले. हसता हसता रडले ते वेगळं.

तुमच्याबद्दल कुणी काही म्हणो, पिशवी बदलायला तुमच्यासारखा हात नव्हता. तिथल्या नर्सबाईंनी शिकवलं आणि तुम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखं शिकलात. कोमट पाणी, मऊ फडकं, मग पिशवीच्या चिकट चकतीला मापाचं भोक कापायचं, कडा बोटानं गुळगुळीत करायची, कातडी कोरडी झाल्यावर चिकटवायची आणि वर तळहात ठेवून ऊब द्यायची. पूजेला बसल्यासारखे हात धुऊन बसायचात. मी डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं.

आणि एक दिवस तुम्ही ओरडलात! "अगं हलतंय! मंदा, हे बघ, हलतंय!" मी घाबरून डोळे उघडले. पोटावर ते लालबुंद, गालाच्या आतल्या बाजूसारखं ओलसर, छोटंसं तोंड, आणि ते आपलं आपण आकसत होतं, पुन्हा सैल होत होतं. तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर फळ्यावर बाण काढले गं. अन्न असं पुढे सरकतं, तसं सरकतं. आज बघितलं!" तुमच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पोटाकडे इतक्या कौतुकानं तुम्ही वर्षा पोटात होती तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मीही बघायला लागले. घास पोटात पडला की थोड्याच वेळात खालचं आतडं जागं होतं, जणू वरून निरोप आला, तयारीला लागा. गवार खाल्ली की पिशवी वाऱ्यानं फुगते, वाजते, ताक घेतलं की शांत. पालेभाजी घाईनं खाल्ली की जशीच्या तशी खाली दिसते, आणि तुम्ही लगेच, "चावली नाहीस!" घरात मास्तर असला की माणसाची कुठूनच सुटका नाही. मला एक कळलं, अहो. हे पोट आपल्याला विचारून काही करत नाही. आपण रुसू, चिडू, देवाला नावं ठेवू, ते आपलं काम करत राहतं. आणि आपण मात्र सगळं श्रेय तोंडाला देतो.

इथपर्यंत तुमची सगळी पुण्याई. आता तुमचं पाप सांगते.

ऑपरेशननंतरचा गावातला पहिला हरिनाम सप्ताह. काल्याच्या दिवशी आमटी-भाकरीची पंगत. गावात प्रत्येक घरानं भाकऱ्या करून द्यायच्या, देवळात ढीग घालायचा, आमटी तेवढी सगळ्यांची मिळून एका काहिलीत. बाळू दारात बोलवायला आला. मी लुगडं बदलून तयार होते हो! दवाखान्यातल्या त्या पांचट खिचड्यांनंतर मला आमटीचा वास घरापर्यंत येत होता. आणि तुम्ही दार अडवून उभं राहून बाळूला म्हणालात, "हिला नाही येता येणार. हिनं परान्न सोडलंय."

परान्न! दुसऱ्याच्या घरचं अन्न! मी आत हंड्याशेजारी मटकन खाली बसले. जन्मात कधी रजेचा खोटा अर्ज केला नाहीत तुम्ही, आणि पहिलं खोटं बोललात ते असलं? नंतर म्हणालात, "पंगतीत पिशवी वाजली तर? कुणी काही बोललं तर मला सहन व्हायचं नाही." मी विचारलं, कधीपर्यंत?

व्रताची कीर्ती मग काय, वाऱ्यासारखी. मास्तरीणबाईंनी परान्न सोडलं! लोक वाकून नमस्कार करायला लागले. लग्नघरी मला पाटावर बसवून नुसता नारळ द्यायचे, आणि समोरून मासवडीची ताटं जायची. मासवडी, अहो! ज्या बाईनं वर्षाच्या लग्नात स्वतःच्या विहिणीआधी रश्शाची वाटी पुढे केली, तिच्यासमोरून! लोकांना वाटायचं, बाई डोळे मिटून नामस्मरण करते आहे. मी वास घेत होते.

तुम्हालाही ते टोचत होतं, हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षीपासून तुम्ही पंगतीत नुसतं वाढायला जायचात. जेवायचा नाहीत. घरी येऊन, बाह्या सरसावून, स्वतः माझ्यासाठी आमटी करायचात. खोबरं करपलेलं, मीठ विसरलेलं, डाळ कच्ची. आपण दोघं ती समोरासमोर बसून खायचो. मी कधी नाव ठेवलं नाही. पण अहो, मला आमटी नको होती. मला पंगत हवी होती. डावीकडे कुणीतरी, उजवीकडे कुणीतरी, आणि वाढपी पुढे सरकला तरी "आणखी वाढ की रे" म्हणायला मिळणं.

तुम्ही गेलात तो दिवस आठवत नसेल तुम्हाला, तुमचं आपलं बरं झालं. सकाळी चहा घेता घेता झटका आला आणि संपलं. घरात चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. आणि पडवीत चर्चा सुरू झाली, मास्तरीणबाईंना परान्न कसं चालायचं? त्यांचं व्रत मोडायचं पाप आपल्या माथी नको! सगळ्यांनी हात जोडून माझं ताट मागे नेलं. तुम्ही बाहेर निजलेले, आणि तुमच्या शब्दापायी मी उपाशी. वर्षानं जुन्नरहून येताना पर्समध्ये टाकलेला बिस्किटांचा पुडा, तो न्हाणीघरात कडी लावून खाल्ला.

आणि त्याच न्हाणीघरात पहिल्यांदा पिशवी एकटीनं बदलली. ती त्या दिवशीही भरली होती. मला तिचा इतका राग आला! आज तरी थांबायचं होतंस, म्हटलं. पण ते आतडं थोडंच विधवा झालं होतं? चकती वाकडी चिकटली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. तुमच्यासारखा तळहात वर ठेवून उभी राहिले. बाहेर बायका रडत होत्या. मी रडले नाही, चकती सुटेल म्हणून.

ते असो. आता ह्या सोमवारचं सांगते.

दुपारी पडवीत तांदूळ निवडत होते. दारात सुनंदा आणि तिची सासू, आक्का. सुनंदाच्या हातात नारळ. चेहरा असा उतरलेला की मला आधी ओळखूच आली नाही. आक्कानं बसल्या बसल्या पदर डोळ्याला लावला.

"मास्तरीनबाई, तुमच्या वरताला यश हाय. हिच्या पोटावर हात ठिवा. मूळव्याध म्हनून औषिदं केली, तर पुन्याचा डाक्टर म्हन्तोय क्यान्सर. खालचं काढून टाकायचं आन् पोटाला भोक पाडून पिशवी लावायची. जलमभर! आता तुमीच सांगा, बाईमानसानं पोटावर घान घिऊन चुलीम्होरं कसं बसायचं? हिच्या हातची भाकर कोन खाईल?"

सुनंदा मान खाली घालून म्हणाली, "मला न्हाई करायचं आपरेशन, काकू. मरन आलं तर येऊंद्या. तुमी अंगारा द्या नुसता. तुमच्यावानी मी बी परान्न सोडते."

अहो, ऐकलंत? तुमचं ते दारातलं एक वाक्य! ते औषध होऊन माझ्या दारात आलं होतं. चाळिशीतली पोर, तिची दोन मुलं शाळेत, आणि ती तुमच्या थापेवर जीव ओवाळून टाकायला निघाली होती. तुम्ही असतात तर काय केलं असतं? छडी शोधली असती, की खाली बघितलं असतं?

मी आक्काला म्हटलं, जरा तुळशीपाशी बसा, मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय. आक्काला वाटलं, मंत्र देते आहे. हात जोडून गेली बिचारी.

दार लावलं. सुनंदाला पलंगावर बसवलं. पदर बाजूला केला, पिशवी दाखवली.

ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "दुखतंय व्हय?" नाही गं, त्याला हात लावलेलाही कळत नाही. "वास?" नीट चिकटली की नाही येत. इतका वेळ माझ्याशेजारी बसली आहेस, आला का? मग मी माझ्याच पोटावर बोटानं तुमचा सगळा धडा गिरवला. घास इथून खाली, इथं जठर, इथं घुसळतं, हे इथं सगळं वेटोळं ते लहान आतडं. अन्नाचं रक्त इथं होतं आणि त्याला कुणी हातसुद्धा लावत नाही. मोठ्या आतड्याचं काम पाणी ओढून घ्यायचं आणि उरलेलं पुढे ढकलायचं. वाट तीच आहे, सुनंदा. दार तेवढं बदललं.

मला वाटलं, जिंकले. पोरगी रडेल, गळ्यात पडेल.

तर ती उठून उभी राहिली. "मग ते परान्न?"

"गुरुजी खोटं बोलले होते गं. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून."

"म्हंजी तुमी लपिवलं." तिचा आवाज चढला. "गुरुजी एवढं शिकल्यालं, तुमी एवढ्या धीराच्या, आन् तुमाला बी लाजच वाटली ना? चार सालं गावाला सांगितलं न्हाई. मंग मला कशापाई सांगताय, त्यात काय न्हाई म्हनून?"

नारळ तिथंच राहिला. ती आक्काला घेऊन निघून गेली.

मी तुमच्या फोटोसमोर जाऊन जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही ऐकलंच असेल. पण राग ओसरल्यावर नुसता विचार करत बसले. तुम्ही मला झाकलंत ते मायेनं झाकलंत, ह्यात मला शंका नाही. तुम्ही तर त्या पिशवीकडे देवाच्या मूर्तीकडे बघावं तसं बघायचात. पण घरात! दाराबाहेर तीच गोष्ट तुम्ही नाहीशी केलीत. आणि मीही होऊ दिली. झाकलेल्या गोष्टीला लोक काय समजणार? घाणच समजणार. सुनंदाचं काय चुकलं?

काल काल्याचा दिवस होता. सकाळी नेहमीप्रमाणे भाकऱ्या केल्या, पाटी देवळात पोचवली. आणि परत यायच्या ऐवजी बायकांच्या पंगतीत जाऊन बसले. मांडी घातली, पत्रावळ पुढे ओढली. शेजारी आक्का. ती एकदम अंग चोरून बसली, माझ्या व्रताला धक्का लागेल म्हणून.

आमटीची बादली घेऊन बाळूच आला. मला बघून तो जागच्या जागी थांबला. "काकू, तुमी? परान्न?"

"वाढ," मी म्हटलं.

त्याचा हात काही हलेना. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. सुनंदा तिकडे भाकरीच्या ढिगाशी उभी होती, तीही बघत होती. मग मी बोलले.

"बाळू, मी परान्न कधीच सोडलं नव्हतं. गुरुजी तुला खोटं बोलले. मला कॅन्सर झाला होता. माझ्या पोटावर पिशवी आहे, शौचाची. आत्तासुद्धा आहे. आणि ह्या ढिगात दर वर्षी माझ्या हातच्या भाकऱ्या असतात. तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात. कुणाचं पोट दुखलं असेल तर आत्ता सांगा."

भजनी मंडळींचा टाळसुद्धा थांबला. पलीकडच्या ओळीत कुणाचा तरी घास हातातच राहिला. मला वाटलं, आता कुणीतरी उठणार. एक उठलं की ओळ उठते, तुम्हाला ठाऊक आहे. बाळूनं मात्र खाली वाकून माझ्या द्रोणात आमटी वाढली. डोळ्यांतून पाणी, आणि द्रोण काठोकाठ.

मी भाकरी कुस्करली. पहिला घास घेतला. काय सांगू तुम्हाला! आणि माझं गुणी आतडं, वरून निरोप पोचल्याबरोबर जागं झालं. त्या सगळ्या शांततेत पिशवी वाजली. चांगली मोठ्यानं वाजली!

ज्याला घाबरून तुम्ही मला एवढी वर्षं घरात ठेवलंत, ते घडलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मान वर करवेना.

आणि शेजारून आक्काचा आवाज आला. "त्यात काय झालं? आमची काय वाजत न्हाईत व्हय? फकस्त खालनं वाजत्यात!"

आधी एक बाई हसली, मग ओळ हसली, मग पुरुषांची पंगतसुद्धा. आक्का स्वतः हसता हसता ठसकली. तिच्या पाठीवर हात फिरवला मी. तेवढ्यात सुनंदा आली. हातातली भाकरी माझ्या पत्रावळीवर ठेवली, आणि सासूला जरा सरकायला लावून आमच्या दोघींच्या मध्ये बसली. मग हळूच म्हणाली, "काकू, एवढं तिखाट चालतंय तुमाला?"

"चालत नाही," मी म्हटलं. "उद्या कळेल."

ती हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.

आज सकाळी बाळू आला. उंबऱ्याशीच उभा. "काकू, सुनी तयार झाली. पन म्हन्ती, काकू संगं आल्या तर." उद्या ॲडमिट करून घेणार आहेत. उशीर फार झालाय का, हे डॉक्टर उघडून बघितल्यावरच सांगतील. मला भीती वाटते आहे, तुमच्यापासून काय लपवायचं? तिच्या पोरांची तोंडं डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण ती स्वतःच्या पायांनी चालली आहे, हे सोमवारपेक्षा बरंच बरं आहे.

रागावलात माझ्यावर? गावात तुमचं खोटं उघडं पाडलं म्हणून? रागवा. पण पिशवी तुम्ही बदलायचात हे माझ्याकडून ऐकून बाळूनं आज जाताना तुमच्या फोटोला हात जोडले, आणि म्हणाला, "गुरुजींनी कसं केलं वो सगळं? मला शिकवा." मी त्याला सगळं शिकवीन. हात कसे धुवायचे, कडा कशी गुळगुळीत करायची, वर तळहात किती वेळ ठेवायचा. तुमचं जे घेण्यासारखं होतं, ते त्याच्या हातांत जाईल.

एक मात्र मी तुमच्यासारखं करणार नाही. मी शुद्धीवर आले होते तेव्हा माझा हात पांघरुणाखाली पोटाकडे चालला होता. तुम्ही तो धरलात. "आत्ता नको बघूस, मंदा," म्हणालात. किती हळू धरला होता हात! मी पुढे महिना दीड महिना बघितलं नाही. मग माझी मलाच शिसारी यायला लागली होती.

सुनंदाचा हात मी धरणार नाही, अहो. तिला शुद्ध येईल तेव्हा मी उशाशी असेन. तिचा हात पोटाकडे गेला की पांघरूण मीच बाजूला करीन आणि म्हणेन, बघ, ही पिशवी तुझीच आहे. ती रडेल, मला शिव्या देईल, तोंड फिरवेल, आणि पुन्हा बघेल. तोवर मी तिथून हलणार नाही. हा माझा शब्द आहे, आणि तो मी आज बाळूलाही दिला आहे.

तुमचीच,
मंदा